स्टेपनीची जागा

“स्टेपनी राहील, न्हाईतर पोरगी राहील. दोन्ही मावायचं न्हाई,” बाजीतात्या म्हणाले आणि जीपच्या मागच्या फळीवर हात टेकून उभे राहिले.

नुकतं उजाडलं होतं. आमच्या करंजसड्यावर फेब्रुवारीत सकाळी असा वारा सुटतो की बोलताना दात वाजतात. मी कुडकुडत होते, पण ते थंडीनं की भीतीनं हे मलाच कळत नव्हतं. त्या दिवशी पोलीस भरतीची माझी मैदानी चाचणी होती. जिल्ह्याच्या गावी जायचं होतं आणि मैदानाचं फाटक दहाला बंद होणार होतं.

करंजसडा म्हणजे घाटमाथ्यावरची आम्हा धनगरांची थोडीशी घरं. खाली डांबरी रस्त्याला लागायचं तर जंगलातून दगडाधोंड्यांची वाट उतरावी लागे. त्या वाटेनं ये-जा करणारी एकच गाडी होती, बाजीतात्यांची. चारही चाकांना जोर असलेली, कापडी टपाची जुनी जीप. सकाळी एक खेप खाली, संध्याकाळी एक वर. स्टेपनी अडकवायचं मागचं कडं खडखडून तुटलं होतं, त्यामुळं ते जादा चाक मागच्या दोन बाकड्यांच्या मधे आडवं टाकलेलं असायचं. लोक त्याच्यावर पाय ठेवून बसायचे.

एरवी तेवढ्यावर भागलं असतं. पण आदल्या संध्याकाळी तात्यांच्या बायकोला, तानाकाकीला, धार काढताना म्हशीचं शिंग डोळ्यात लागलं होतं. म्हशीनं मुद्दाम मारलं नव्हतं, माशी झटकायला मान फिरवली एवढंच. रात्रभर काकीनं ओल्या फडक्यावर काढली. आता ती मागच्या एका बाकड्यावर आडवी होती. तिची धाकटी जाऊ यमुनाकाकी चाकावर उकिडवी बसून तिचं डोकं धरून होती. समोरच्या बाकड्यावर खवा घेऊन बाजाराला निघालेली माणसं टोपल्या मांडीवर घेऊन दाटीनं बसली होती. पुढं तात्यांच्या शेजारी रामजीनाना आणि त्यांची म्हातारी. मला जागाच नव्हती.

“टपावर बांधा की चाक,” माझे आबा म्हणाले.

“कापडाचा टप हाय, आबा. पहिल्याच खड्ड्यात चाक खाली येऊन माणसांच्या डोक्यात बसंल.”

“मी मागं लटकून येते,” मी म्हणाले.

“फांदी लागून पडलीस तर तुझी भरती हितंच झाली.”

खव्यावाल्यांपैकी कुणी उतरलं नाही. खवा उद्यापर्यंत टिकत नाही, त्यांचंही बरोबर होतं. आबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. “जाऊ दे सगुणे. पुढल्या साली दे.”

पुढल्या साली मी तिथं नसणार हे आबांनाही माहीत होतं. गेल्या खेपेला मी थोडक्यात हुकले होते. या खेपेला नाही झालं तर मे महिन्यात लग्न, असं ठरलेलं होतं. मुलगा बघून झाला होता. मी त्यांच्या हातातून पिशवी परत ओढून घेतली. बोलले असते तर रडू फुटलं असतं.

तेवढ्यात जीपमधून तानाकाकीचा आवाज आला. “काढा ते चाक.”

“अगं पण—” तात्या म्हणाले.

“काढा म्हणते ना. मला खाली घोंगडीवर निजवा. बाकड्यावरनं पडायचं भ्या तरी न्हाई. यमुना आन पोरगी बाकड्यावर बसतील.”

“वाटंत काय झालं म्हंजे?”

“कवा झालंय? ह्या साली एकदा तरी काढली का स्टेपनी?”

“झालं न्हाई म्हणून व्हायचं न्हाई काय?” तात्या पुटपुटले. पण बायको जखमी, गाडीत माणसं खोळंबलेली, वाद घालायची ती वेळ नव्हती. त्यांनी चाक ओढून काढलं आणि घरंगळत नेऊन आमच्या गोठ्याच्या भिंतीला लावलं.

मला आनंद झाला. त्या घडीला दुसरं काहीही मनात आलं नाही. मी बाकड्यावर बसले, पाय आखडून घेतले. माझ्या पायाशी काकी पडली होती. तोंडावर ओलं फडकं, हात यमुनाकाकीच्या हातात. गाडी हलली तसं तिनं न बघताच विचारलं, “बसलीस का गं?”

“बसले, काकी.”

“बघ आता. न्हाई झालीस तर घरात घ्यायची न्हाई तुला.”

रोज पहाटे मी सड्यावर पळायची तेव्हा काकी म्हशी सोडायला आलेली असे. कमरेवर हात ठेवून उभी राही आणि ओरडे, “आगं, मागं वाघ लागलाय का?” मी थांबून हसायची. मग ती म्हणायची, “थांबतीस काय, पळ की!”

निम्मी वाट उतरलो असू. एका ओढ्यातून जीप वर निघाली आणि उजव्या बाजूला धाडकन बसली. आवाज फारसा मोठा नव्हता. तात्यांनी गाडी थांबवली, उतरले, वाकून पाहिलं, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“पंक्चर?” रामजीनानांनी विचारलं.

“पंक्चर असतं तर ठिगळ मारलं असतं. बगलंला चीर पडलीया.”

मी उतरून पाहिलं. धारदार जांभ्या दगडानं टायर असा फाटला होता की आत चार बोटं गेली असती. ट्यूब बाहेर आली होती. सगळ्यांना एकच गोष्ट आठवत होती, आणि ती वर आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती.

खव्यावाल्यांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि “आमी हळूहळू हुतो पुढं” म्हणत चालू लागले. रामजीनाना आणि त्यांची म्हातारी दगडावर बसले. त्यांना चढही जमणार नव्हता आणि उतारही. तानाकाकीला सोडून यमुनाकाकीला जागचं हलता येत नव्हतं. काकीला धरून चालवायचं म्हटलं, पण उभी केल्याबरोबर तिला उलटी झाली. तिला परत निजवली.

“मी चाक घेऊन येतो,” तात्या म्हणाले.

तात्यांनी पन्नाशी ओलांडली होती. एका गुडघ्याला जुनी दुखापत, चढावर पाय ओढत चालायचे. वर जायचं, मग ते जड चाक त्या वाटेनं सांभाळत खाली आणायचं, सकाळ सगळी त्यातच गेली असती. सड्यावर माझ्याइतकं पळणारं कुणी नव्हतं, बाप्यांतसुद्धा. चढावर तर माझी बरोबरी कुणी करतच नसे. मी गेले असते तर निम्म्या वेळात चाक खाली आलं असतं.

हे मला त्याच क्षणी कळलं. तात्यांनाही कळलं असणार.

मी खाली बसले. बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या. कागदांची पिशवी पाठीला लावून ओढणीनं कमरेशी आवळली. एवढं सगळं केलं आणि मग विचारलं, “तात्या, मी जाऊ का वर?”

तात्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. मग पाठीवरच्या पिशवीकडं.

“तू खाली जा,” ते म्हणाले. “फाट्यावरनं एसटी गाठ. तितं कुणाची गाडी असली तर वर लावून दे.”

मी तरीही उभी होते. आणखी कुणीतरी काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. काय म्हणावं, ते कळत नव्हतं.

जीपमधून काकी म्हणाली, “उभी का ऱ्हायलीस? पळ.”

मी पळाले.

त्या दिवशी घाट उतरले तशी मी आयुष्यात कधी पळले नाही. पायाखालचा एकही दगड हलला नाही, एकदाही ठेच लागली नाही. खव्यावाल्यांना मागं टाकलं तेव्हा त्यांतला एक ओरडला, “अगं दमानं!” मला दमानं जायचंच नव्हतं. अंग हलकं झालं होतं. मागं काकी जीपमध्ये पडली आहे हे ठाऊक असूनही मला पळताना बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं मला नीट आठवतं.

फाट्यावर चहाचं एकच हॉटेल होतं. मी धापा टाकत हॉटेलवाल्याला सांगितलं की बाजीतात्यांची गाडी ओढ्यापाशी बंद पडली आहे, काकीच्या डोळ्याला लागलंय, कुणाची तरी जीप पाठवा.

“ह्या वाटंला दुसरी कुठली जीप चढती, बाळा?” तो म्हणाला. “ट्रॅक्टरवाल्याला विचारतो. पर त्यो आत्ता रानात असंल.”

“रान कुठं आहे? मी जाते बोलवायला.”

“खालच्या वढ्याच्या पल्याड. लांब हाय.”

तो बोट दाखवत होता आणि त्याच्या बोटाच्या मागून वळणावर लाल एसटी आली.

“तुम्ही सांगाल ना नक्की?”

“सांगतो की. तू जा.”

कंडक्टरनं दार उघडलं. मी चढले. घंटी वाजली. खिडकीतून मी हॉटेलवाल्याकडं बघत राहिले. तो गिऱ्हाइकाला चहा देत होता.

मैदानावर माझा नंबर दुपारी लागला. मी आमच्या गटात पहिली आले. गोळाफेक बरी झाली. शंभर मीटरमध्येही चांगले गुण पडले. वेळ पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, “कुठून आलीस गं तू?” मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं.

रात्री मावशीकडं राहिले. सकाळी उठून सरकारी दवाखान्यात गेले. तालुक्याला डोळ्यांचा डॉक्टर नसतो, म्हणजे काकीला इकडंच आणलं असणार असा माझा अंदाज होता. तो खरा ठरला. लांबलचक व्हरांड्यात बाकड्यावर तात्या बसले होते. अंगावर कालचेच कपडे, हातावर तेलाचे डाग तसेच. शेजारी यमुनाकाकी.

“तात्या, काकी?”

“हाय आत. निजलीया.”

“डोळा?”

तात्यांनी मान हलवली. मला अर्थ कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

“काढला,” यमुनाकाकी म्हणाली. “राती काढला. आत पू झाला हुता. ठेवला असता तर दुसराबी गेला असता म्हणं.”

मी भिंतीला टेकले.

“डाक्टर म्हणला, काल सकाळीच आणली असती तर कायतरी करून बघितलं असतं,” ती पुढं म्हणाली. तिचा आवाज चढत नव्हता, त्यामुळं ते ऐकणं जास्त अवघड होतं. “आमी हितं पोचलो तवा दिवस मावळला हुता. ट्रॅक्टर आला न्हाई. तुझं तात्या चाक घिऊन दोनदा पडलं. गुडघा बघ त्यांचा. तू गेली असतीस वर तर—”

“यमुने, गप,” तात्या म्हणाले.

“का गप? चाक कुणासाठी काढलं हुतं?”

“चाक मी काढलं. गाडी माझी हाय. स्टेपनीबिगर गाडी काढायची न्हाई हे ड्रायव्हरला कळाय पायजे. तिला काय कळतंय?” मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “पळालीस का?”

“हो.”

“कितवी आलीस?”

मी खोलीच्या दाराकडं पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, “कितवी?”

“पहिली.”

“मग झालं तर,” तात्या म्हणाले आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसले.

मी खोलीच्या दारापर्यंत गेले. काकीच्या निम्म्या तोंडाला पट्टी होती. ती झोपली होती की नाही मला माहीत नाही. मी आत गेले नाही.

माझी निवड झाली. आबांनी सड्यावर पेढे वाटले, काकीच्या घरीही मीच घेऊन गेले. तिनं घेतला, खाल्ला, “चांगलं झालं” म्हणाली. मग मी ट्रेनिंगला गेले, नोकरीला लागले, लग्न केलं ते माझ्या मनानं आणि उशिरा. सड्यावरून भरती झालेली मी पहिली मुलगी, म्हणून दरवेळी गेलं की लोक जमायचे. माझा जीव मात्र काकीच्या दारात अडकलेला असायचा. दर दिवाळीला मी तिला लुगडं नेई. तात्यांचा गुडघा दाखवायला त्यांना दोनदा शहरात आणलं. तिच्यासाठी काळा चष्मा आणला, तो तिनं खुंटीला लावून ठेवला. तिनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मी तो विषय कधी काढला नाही. खेड्यातली एखादी एकडोळी म्हातारी पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन आली की मी उठून तिला पाणी द्यायची आणि मग माझंच पाणी प्यायला विसरायची.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मी हवालदार झाले. एकदा बंदोबस्तावर एका डॉक्टरांशी ओळख झाली. ते खोटा डोळा बसवायचे, अगदी खऱ्यासारखा. मी त्यांच्याकडं काकीचं नाव सांगून ठेवलं, दिवस ठरवला आणि रजा काढून सड्यावर गेले. आता वर डांबरी रस्ता झाला होता. तात्या म्हशी घेऊन रानात गेले होते. काकी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती.

मी भिंतीकडेला तिच्या शेजारी बसले आणि सगळं समजावून सांगितलं. दुखत नाही, दोन वेळा जावं लागेल, मी स्वतः नेईन आणि परत आणून सोडीन.

काकीनं भाकरी तव्यावर टाकली. “कशापायी?”

“बरं दिसेल, काकी.”

“कुणाला?”

मी चुलीत एक काटकी सारली.

“म्हसरांना हाय असंच चालतंय. ह्यांना चालतंय. सड्यावर समद्यांना चालतंय. मग कुणाला बघवंना?”

“तसं नाही, काकी…”

“तसंच हाय. तुला बघवंना म्हणून मी काचंचा डोळा बसवू?”

इतकी वर्षं नवऱ्यालाही न सांगितलेलं मी बोलून गेले. “काकी, त्या दिवशी मी तात्यांना विचारलं होतं, वर जाऊ का म्हणून.”

“ऐकलं की. डोळ्याला लागलं हुतं, कानाला न्हाई.”

“मी मनापासून नव्हतं विचारलं.”

“ते बी ऐकलं हुतं.”

चुलीतला जाळ तडतडला. काकीनं भाकरी उलटली. मी विचारलं, “राग नाही आला?”

“न्हाई कसा? लई आला. तू पेढा दिलास तवा थुकून टाकावा वाटला. गिळला. दोन वर्सं तुझं नाव कुणी काढलं की म्या उठून गोठ्यात जायची. यमुनीनं तर आजून सोडलं न्हाई तुला.” तिनं हाताचं पीठ झटकलं. “मग एकदा तू वर्दी घालून आलीस. समदी वाडी बघाय लागली. मी बी लांबनं बघितलं. आन मला वाटलं, हिला कुणी धाडली? ह्यांनी न्हाई. तुझ्या बानं न्हाई. म्या धाडली.”

“तुला काय माहीत होतं काकी, टायर फुटेल म्हणून…”

“मला म्हाईत न्हाई? जलम गेला माझा त्या गाडीवाल्याच्या घरात. ती वाट म्हाईत हुती मला. स्टेपनी नसली म्हंजे काय हुतंय ते ह्यांच्यापरीस मला ठावं. घरात वाट बघत कोण बसायचं? मीच ना?” तिनं तव्यावरची भाकरी दाबली. “समदं ठावं असून म्हणलं, काढा. डोळा जाईल आसं नव्हतं वाटलं, खोटं का बोलू. पर कायतरी हुईल ह्ये ठावं हुतं.”

“मग का म्हणालीस?”

“का म्हंजे? रोज पळताना बघत हुते न्हवं तुला.”

हे ती अगदी सहज म्हणाली. तीच पुढं बोलली.

“सगुणे, म्या आयुष्यात माझ्या मनानं काय केलं सांग बरं. लगीन बानं लावलं. म्हशी सासूनं गळ्यात घातल्या. ते एक काम तेवढं म्या कुणाला न इचारता केलं. समद्यांच्या देखत केलं. आन तू दर साली येतीस ती कुणीतरी मेल्यागत तोंड करून. लुगडं ठिवतीस, खाली बघतीस, जातीस. माझं चांगलं काम तू पार सुतकात घालवलंस बघ.”

मी रडत होते. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. एक भाकरी होऊन दुसरी तव्यावर गेली. मग म्हणाली, “ऊठ. हिकडं ये.”

“कुठं?”

“हिकडं, ह्या अंगाला बस. इतकी वर्सं झाली, कवाबी आलीस की तिकडंच बसतीस. तिकडनं मला तू दिसत न्हाईस.”

मी कधीच हे लक्षात घेतलं नव्हतं. उठले, चुलीला वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि जमिनीवर बसले. काकीनं मान वळवली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सावकाश, जनावर विकत घेताना बघावं तसं.

“जाड झालीस,” ती म्हणाली आणि भाकरी माझ्या पुढ्यात टाकली.